'तुंबाड'चं नाव पेंडशांचं, भीती धारपांची. मग मराठीत फँटसीची पंगत वेगळी का?

२०१८ साली आलेला 'तुंबाड' तुम्ही पाहिला असेल. तेव्हा नाही तर सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरमध्ये लागला, तेव्हा तरी नक्कीच. या सिनेमाचं नाव आलं श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ सालच्या कादंबरीवरून. कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांची ही दोन खंडांतली कथा मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांमध्ये मोजली जाते. पण सिनेमातली भीती तिथली नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ती १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने सांगितलेल्या गोष्टीत सापडली. नागझिरा म्हणजे नागपूरकरांचं वीकेंडचं जंगल. मित्राने सांगितलेली ती गोष्ट होती नारायण धारप यांची 'आजी'.

म्हणजे एकाच सिनेमात नाव 'गंभीर साहित्या'तलं आणि गोष्ट 'टाइमपास' समजल्या जाणाऱ्या लेखकाची. पुस्तकांवर बोलणारे लोक एकत्र आले की याच दोन पंगतींवरून वाद होतो. एक गट म्हणतो, जादू, भुतं, राक्षस ही पोरांची करमणूक. दुसरा म्हणतो, तुमचं गंभीर साहित्य वाचतं कोण? गंमत अशी, की मराठीत ही रेष जादूमुळे आखली गेलेलीच नाही.

राक्षस चालतात, पण कुणाचे?

वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) घ्या. शापाने म्हातारा झालेला राजा आपल्या मुलाकडून तारुण्य मागून घेतो. हेच कथानक इंग्रजी नावांनी आणि ड्रॅगनवाल्या कव्हरात आलं असतं, तर दुकानदाराने ते सरळ फँटसीच्या कप्प्यात ठेवलं असतं. आपल्याकडे ती 'पौराणिक कादंबरी' ठरली. तिला १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे खांडेकर १९७४ च्या ज्ञानपीठाचे मानकरी ठरले.

त्याहून बोलकं उदाहरण जी. ए. कुलकर्णींचं. मराठीत 'गंभीर लेखक' म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत जीए येतात. त्यांच्या 'रमलखुणा' (१९७५) या पुस्तकात दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. नकाशावर न सापडणारे प्रदेश, कुठल्याच काळाला न चिकटणारी माणसं आणि त्यांच्या मागे लागलेली नियती. टोल्किन वाचून आलेल्या वाचकाला 'इस्किलार' परकी वाटणार नाही. तरी तिला कुणी फँटसी म्हणत नाही. समीक्षेत तिच्यासाठी 'रूपककथा' हा शब्द आहे.

थोडक्यात, अद्भुताला 'पौराणिक' किंवा 'रूपक' असा पास मिळाला की ते आत जातं. रत्नाकर मतकरींनी आपल्या कथांना 'गूढकथा' म्हटलं, त्यामागेही भुताखेतांच्या गोष्टींपासून अंतर राखण्याचा भाग होताच.

नावाचं वजन

सगळ्यात मजेशीर किस्सा १९७४ चा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाकडे बघून निकाल लागू नये, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली आणि मराठीत या प्रकाराला प्रतिष्ठा मिळू लागली.

स्पर्धा कथेनेच जिंकली, यात शंका नाही. पण पुढची प्रतिष्ठा फक्त कथेमुळे आली, की केंब्रिजमध्ये नाव कमावलेल्या शास्त्रज्ञामुळे? उत्तर दुसऱ्याच्या बाजूला बरंच झुकतं. नारळीकर २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले. साहित्य अकादमीने मात्र २०१४ मध्ये त्यांचा गौरव केला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी.

नागपूरचंही उदाहरण आहे. २००७ साली इथे भरलेल्या ८० व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते अरुण साधू. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' ही नावं कुणीही सांगेल. पण साधूंनी 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरीही लिहिली आहे, हे त्यांच्या अनेक चाहत्यांच्या गावीही नसतं.

धारपांवरचा आक्षेप खरा आहे?

आहे. त्यांची 'शपथ' वाचताना स्टीफन किंगची 'इट' आठवते, 'लुचाई' वाचताना 'सेलम्स लॉट'. 'आजी'सुद्धा किंगच्या 'ग्रामा' या कथेवरून आलेली. उसनं घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगायला हवं, यात वाद नको.

पण मग हाच नियम सगळ्यांना लावा. हरि नारायण आपट्यांच्या 'मधली स्थिती'ला (१८८५) रेनॉल्ड्स या इंग्रजी लेखकाचा आधार होता, आणि रेनॉल्ड्स त्या काळचा निव्वळ बाजारू लेखक मानला जाई. आपट्यांना आपण तरीही मराठी सामाजिक कादंबरीचं श्रेय देतो, आणि ते योग्यच आहे. उसन्या सांगाड्यात त्यांनी पुण्यातली माणसं भरली. धारपांनीही अमेरिकन गावातली भीती आपल्या वाड्यांत, माजघरात आणून बसवली, तिच्याशी झुंजायला 'समर्थ'सारखा नायक उभा केला. हे कसब कितपत जमलं, यावर वाद घाला ना. तो वाद वाचून घालावा लागतो, एवढंच.

या पंगतभेदाची किंमत पुस्तकं मोजतात. 'गंभीर' पुस्तकावर समीक्षा होते, ते अभ्यासक्रमात लागतं, त्यावर पीएचडी होते, त्यामुळे ते टिकतं. दुसऱ्या पंगतीतलं पुस्तक वर्गणीच्या वाचनालयात हातोहात फिरतं, पानं सुटेपर्यंत वाचलं जातं आणि एक दिवस रद्दीत जातं. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या 'नवल' मासिकाने वर्षानुवर्षं अद्भुत आणि गूढ कथा छापल्या. 'सत्यकथा'वर जितकं लिहून आलं, त्याच्या पासंगालाही 'नवल'वर आलेलं नाही. धारपांचं नशीब जरा बरं. त्यांच्या बऱ्याच पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या साकेत प्रकाशनाने काढल्या आहेत आणि त्या ऑनलाइन सहज मिळतात.

वाचून बघायचं असेल तर आधी 'आजी' वाचा आणि लगेच 'इस्किलार' हातात घ्या. दुसरीला वेळ लागेल. जीएंची वाक्यं घाईत वाचायची नसतात, आणि पहिल्या काही पानांत आपण नेमके कुठे आहोत, हे कळत नाही. तिथे पुस्तक मिटू नका.