ओळख असूनही ओळखपत्र

परवा आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना मी ऑफिसचा लॅपटॉप उघडला. पासवर्ड टाकला, फोनवर आलेली सूचना मान्य केली, आणि थोड्या वेळाने दुसरीकडे शिरताना पुन्हा तेच. आई म्हणाली, "अरे, इतकी वर्षं तिथे नोकरी करतोयस, अजून तुला ओळखत नाहीत का?" मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न चांगला होता. उत्तरासाठी थेट 1988 सालात जावं लागतं.

तेव्हाचं नेटवर्क म्हणजे जुना वाडा. दिंडी दरवाजातून एकदा आत आलात की कुठल्याही खोलीत जा, कोण विचारतंय? युनिक्स यंत्रांवर तर विश्वासातल्या शेजारी यंत्रांची यादीच ठेवता येई. त्या यंत्रावरून कुणी आलं की पासवर्डही मागत नसत. 2 नोव्हेंबर 1988 ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. त्याने सॉफ्टवेअरमधल्या चुका वापरल्या, सोपे पासवर्ड ओळखले आणि या विश्वासाचाही फायदा घेतला. एक यंत्र हाती लागलं की तिथून शेजाऱ्याकडे. हजारो यंत्रं ठप्प झाली. मॉरिसला शिक्षा झाली. गंमत म्हणजे पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

यातून धडा काय घेतला? भिंत बांधा! नव्वदच्या दशकात कंपनीच्या वेशीवर फायरवॉल उभ्या राहिल्या. आतला कारभार मात्र बराचसा तसाच. बेल लॅब्सच्या बिल चेस्विक यांनी 1990 मध्येच अशा रचनेला कडक कवच आणि आत मऊ गर असं म्हटलं होतं. थोडक्यात, नारळ.

पण लॅपटॉप घरी जाऊ लागले, बाहेरचे कंत्राटदार आत येऊ लागले आणि वेस नेमकी कुठे हेच कळेना. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या काही सुरक्षा अधिकाऱ्यांनी 'जेरिको फोरम' काढला, तो हेच सांगायला. 2010 मध्ये फॉरेस्टर या संस्थेतल्या जॉन किंडरवॅग यांनी या विचाराला 'झिरो ट्रस्ट' हे नाव रुळवलं. आतला असो वा बाहेरचा, प्रत्येक वेळी तपासा.

नुसत्या अहवालाने कोण बदलतं म्हणा! पण त्याच वर्षी, 12 जानेवारीला, गूगलने जाहीर केलं की चीनमधून झालेल्या हल्ल्यात आपली बौद्धिक संपदा चोरीला गेली. गूगलसारख्यांची भिंत पुरली नाही, तर इतरांचं काय? त्यानंतर गूगलने स्वतःचा कारभारच पालटला. ऑफिसात बसलात म्हणून विशेष सवलत नाही. माणूस कोण, यंत्र कोणतं, ते सुस्थितीत आहे का, हे पाहूनच प्रवेश. 'बियाँडकॉर्प' नावाची ही पद्धत त्यांनी 2014 मध्ये लेख लिहून जगाला सांगितली. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने झिरो ट्रस्टचा आराखडाच प्रसिद्ध केला.

म्हणजे मॉरिसपासून इथवर यायला बत्तीस वर्षं लागली. तंत्रज्ञानाची अडचण होतीच, पण मला वाटतं मनाची अधिक होती. आपल्या माणसाकडे ओळखपत्र मागणं अपमानाचं वाटतं.

आईला पुढच्या वेळी सांगणार आहे: माणसं मला ओळखतात गं. संगणकाला मात्र मी दिसत नाही, फक्त माझी किल्ली दिसते. ती काल माझ्या हातात होती म्हणून आजही माझ्याच हातात असेल, असं त्याने का धरून चालावं?