वंगणाची वंशावळ : जुन्या मोटारीस कोणतें तेल?

एरंडेलाचें नांव निघालें कीं नाक दाबून गिळलेल्या चमच्याची आठवण बहुतेकांस होते. परंतु या बिचाऱ्या तेलानें पोट साफ करण्यापलीकडेही पुष्कळ कामें केलीं आहेत. आपल्याकडे बैलगाडीच्या आंसाला त्याचें वंगण देत. आणि पहिल्या महायुद्धांत ज्या विमानांचें इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरत असे, त्यांनाही एरंडेल लागे. कारण तें पेट्रोलांत सहजासहजीं विरघळत नाहीं, आणि पुष्कळ तापलें तरी धातूचा पृष्ठभाग सोडीत नाहीं. लंडनच्या चार्ल्स वेकफील्डनें १८९९ मध्यें स्थापिलेल्या कंपनीनें १९०९ सालीं एरंडेल मिसळलेलें नवें तेल काढलें आणि एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नांवावरून त्याचें ‘कॅस्ट्रॉल’ असें बारसें केलें.

मात्र एरंडेलास एक खोड होती. इंजिनांत फार दिवस राहिलें कीं त्याची राळ होऊन चिकट थर बसे. म्हणून शेवटीं सरशी झाली ती खनिज तेलाची. हें तेल मोटारीहून वडील आहे. १८५९ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील टायटसव्हिल येथें एडविन ड्रेकच्या विहिरीस तेल लागलें. त्यानंतर सातच वर्षांनीं, १८६६ मध्यें, जॉन एलिस यानें न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन येथें वाफेच्या इंजिनांसाठीं खनिज वंगण करण्याचा उद्योग आरंभिला. तोंपर्यंत त्या इंजिनांना जनावरांची चरबी देत. उष्णतेनें ती नासे व धातूस खाई. एलिसचें तेल टिकलें. पुढें ‘व्हॅल्व्होलिन’ या नांवानें तें प्रसिद्धीस आलें.

आतां मोटारीकडे वळूं. १९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत तेल ढकलणारा पंप नव्हता, कीं तें गाळणारी गाळणी नव्हती. फिरतें चक्र तेल उडवी आणि उडालेलें तेल आपल्याच भारानें ओघळत जागोजागीं पोंचे. त्या वेळच्या तेलांतही तेलाखेरीज कांहीं नसे. मळ तळाशीं बसावा आणि मालकानें वरचेवर तेल बदलून तो काढून टाकावा, अशी व्यवस्था होती. यंत्र साधें, तेंलही साधें. दोघांचें जमलेलें होतें. वंगणाच्या इतिहासाचें सूत्र हेंच आहे : ज्या काळचें इंजिन, त्या काळचें तेल. जुन्या मोटारीचा मालक आज अडतो तो ही जोडी फुटल्यामुळें.

१९११ सालीं अमेरिकेंतील मोटार-इंजिनिअरांच्या ‘एस्. ए. ई.’ या संस्थेनें तेलांचें दाटपणावरून वर्गीकरण केलें. आज डब्यावर दिसणारे अंक त्याच परंपरेंतले. अंक जितका मोठा, तितकें तेल दाट. ‘२०-डब्ल्यू-५०’ असें लिहिलें असेल तर पहिला अंक थंडींतल्या वागणुकीचा व दुसरा तापल्यानंतरच्या दाटपणाचा. असें दुहेरी तेल १९५० नंतर प्रचारांत आलें.

परंतु दाटपणा म्हणजे सर्व कांहीं नव्हे. १९४० नंतरच्या दशकांत तेलांत औषधें मिसळूं लागले. एक औषध मळ तळाशीं बसूं न देतां तरंगत ठेवी, म्हणजे तो गाळणींत अडके. दुसरें जस्त व फॉस्फरस यांचें संयुग. तें धातूवर पातळ कवच धरून झीज वारी. जुन्या इंजिनांत झडपा उघडणारा कॅम टॅपेटच्या सपाट तोंडावर घासत फिरतो. तेथें दाब इतका असतो कीं नुसतें तेल मधून पिळून निघतें. तेव्हां हें कवचच उपयोगीं पडतें.

मग हें संयुग कमी कां झालें? अमेरिकेंत १९७५ च्या सुमारास, आणि आपल्याकडे चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून, नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. फॉस्फरस हें त्याचें विष. म्हणून अमेरिकेंतील पेट्रोलियम संस्थेच्या, म्हणजे ‘ए. पी. आय.’च्या, २००४ मधील ‘एस्. एम्.’ प्रतीनें पातळ तेलांतील फॉस्फरस शेंकडा ०.०८ च्या आंत आणला. हवेच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. नव्या इंजिनांत पुष्कळ ठिकाणीं टॅपेटला रूळ असतो. त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं. किंमत पडली ती जुन्या सपाट टॅपेटांना.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतील फियाट, जी पुढें ‘पद्मिनी’ झाली, आणि १४८९ घनसेंटिमीटर इंजिनाची जुनी अँबॅसडर, हीं दोन्ही या सपाट टॅपेटांच्या घराण्यांतलीं. अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तरी कित्येक घरांत वडिलांची म्हणून जपलेली गाडी अजून आहे. मुलगा प्रेमानें दुकानांतलें सर्वांत महाग, सर्वांत नवें आणि पाण्यासारखें पातळ तेल आणतो. जुन्या इंजिनांतील फटी मोठ्या असतात. तापल्यावर तेलाचा दाब उतरतो, सांध्यांतून गळती लागते, आणि कॅम नकळत झिजतो.

उलट, ‘जितकें दाट तितकें बरें’ हीही समजूत खोटी. फार दाट तेल सकाळीं इंजिन सुरू होतांना वर वेळेवर पोंचत नाहीं, आणि झीज त्याच क्षणीं अधिक होते. म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका प्रथम पाहावी. अशा गाड्यांना आपल्या हवेंत सामान्यतः २०-डब्ल्यू-४० किंवा २०-डब्ल्यू-५० जातीचें तेल मानवतें. फॉस्फरसची वरील मर्यादा या दाट जातींना सक्तीची नाहीं. तरीही डब्यावर किंवा कंपनीच्या पत्रकांत जस्ताचें प्रमाण पाहावें. वेगळी औषधाची बाटली ओतून तें वाढवूं नये. अधिक औषध म्हणजे अधिक गुण नव्हे.

अगदीं जुन्या, गाळणी नसलेल्या गाडीची गोष्ट निराळी. तिच्या तळाशीं वर्षानुवर्षांचा गाळ असतो. मळ तरंगवणारें तेल एकदम घातलें तर तो सुटून तेलाच्या बारीक वाटा बुजवील. आधीं तळ उघडून साफ करावा, मग तेल बदलावें. आणि ‘एस्. ए.’ असें लिहिलेलें बिनऔषधी स्वस्त तेल पाहून भुलूं नये. १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना तें योग्य नाहीं, असें खुद्द ‘ए. पी. आय.’च सांगते.

वृद्धाच्या ताटांत पंचपक्वान्नें वाढून त्याची सेवा होत नाहीं. त्यास जें पचतें तें वेळेवर द्यावें लागतें. वडिलांच्या मोटारीचेंही तसेंच आहे.