पाहुण्यांची पंगत आणि जपानचे मुत्सद्दी

परराष्ट्राचा प्रतिनिधी दारी आला असता त्याच्या ताटात काय वाढावे हा प्रश्न मुदपाकखान्याचा. परंतु त्याला कोणाच्या घरी न्यावे, कोणत्या बैठकीवर बसवावे आणि त्या वेळी दार उघडे ठेवावे की लावून घ्यावे, हा प्रश्न निखळ राजकारणाचा असतो. जपानने या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे सुमारे पावणेदोनशे वर्षांत इतक्या वेळा पालटली आहेत की, केवळ त्यांच्या मुत्सद्द्यांनी निवडलेली भोजनगृहे ओळीने पाहत गेले तरी त्या राष्ट्राचे स्वतःविषयीचे मत कसकसे बदलत गेले याचा बराचसा उलगडा होतो. सम्राटाच्या राजवाड्यातील मेजवानीचा येथे उपयोग नाही. तेथील रिवाज ठरलेले आहेत, आणि मेइजी काळात एकदा स्वीकारलेला फ्रेंच खाना त्या मेजावर आजही चालू आहे. प्रधानमंत्री मात्र पाहुण्याला गावातल्या एखाद्या घरी घेऊन जातो तेव्हा ती निवड त्याच्या मर्जीची असते, आणि म्हणूनच ती अधिक बोलकी असते.

आरंभ 1854 चा धरावा. आदल्या वर्षी राष्ट्राध्यक्षांचा खलिता देऊन गेलेला अमेरिकेचा कमोडोर मॅथ्यू पेरी अधिक लढाऊ जहाजे घेऊन पुन्हा एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आखातात शिरला, आणि तोफांच्या छायेत तहाची बोलणी योकोहामा येथे सुरू झाली. पाहुणे निमंत्रित नव्हते. तरीही ते दारी आले आहेत म्हटल्यावर त्यांची बडदास्त ठेवणे शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाच्या, सरकारला भाग होते, आणि हे काम एदोच्या निहोनबाशी भागातील मोमोकावा या नामांकित भोजनगृहाकडे सोपविण्यात आले. मोमोकावाच्या आचाऱ्यांनी आपली सारी विद्या पणाला लावली. लाखकाम केलेल्या थाळ्यांतून पारदर्शक सार, कच्च्या माशांच्या फोडी, समुद्रशैवाल, कोवळे कोंब असे पदार्थ एकामागून एक आले. आणि मांसाच्या मोठाल्या तुकड्यांना सवकलेले अमेरिकन अधिकारी उपाशी पोटी उठल्यासारखे उठले. पेरीच्या मोहिमेच्या अधिकृत वृत्तांतात जपानी मेजवान्यांविषयी जी नापसंती नोंदविली आहे, ती वाचताना त्या आचाऱ्यांविषयी वाईट वाटल्यावाचून राहत नाही, कारण त्यांनी वाढले ते त्यांच्या शहरातील सर्वोत्तम अन्न होते.

पेरीने 27 मार्च रोजी आपल्या ‘पोहॅटन’ जहाजावर परतभोजन दिले. त्याच्या पॅरिसच्या स्वयंपाक्याने गोमांस, मेंढीचे मांस, कोंबड्या आणि डुकराच्या मांड्या यांचे ढीग रचले होते, आणि शँपेनचा तोटा नव्हता. जपानी पाहुण्यांनी मनसोक्त खाल्ले, आणि उरले ते आपल्याकडील रीतीप्रमाणे कागदात बांधून झग्याच्या बाह्यांत ठेवले. गोड आणि खारट एकाच पुडीत गेले म्हणून यजमान अचंब्यात पडले. परंतु वाढलेले उष्टावून टाकून न देता घरच्यांसाठी नेणे हा यजमानाचा सन्मान होता, हे त्यांना कोणी सांगितले नाही. मात्सुझाकी नावाच्या वाटाघाटीतील एका अधिकाऱ्याने तर मद्याच्या भरात कमोडोरच्या गळ्याला अशी मिठी मारली की त्याच्या खांद्यावरील झालरी चुरगळल्या. चारच दिवसांनी, 31 मार्चला, कानागावाच्या तहनाम्यावर सह्या झाल्या.

पुढे 1858 मध्ये जे करारमदार झाले त्यांनी जपानचे हात बांधले. परकीयांचे खटले परकीयांच्या वकिलातीत चालत, आणि बंदरावरील जकात किती घ्यावी हे ठरविण्याचा अधिकारही देशाच्या सरकारकडे राहिला नाही. 1868 नंतर सत्तेवर आलेल्या मेइजी सरकारची पहिली तीन दशके या अपमानाच्या परिमार्जनात गेली, आणि जेवणाचे मेज हे त्या लढ्याचे एक साधन ठरले. 1872 मध्ये सम्राटाने गोमांस भक्षण केल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी, सरकारातील वजनदार पुरुष इवाकुरा तोमोमी याच्या आश्रयाने, पाश्चात्त्य पाहुण्यांना साजेसे भोजन मिळावे म्हणून सेइयोकेन हे फ्रेंच पद्धतीचे भोजनगृह टोकियोत उघडले. आणि उघडण्याच्या दिवशीच, 3 एप्रिलला, शहरात लागलेल्या प्रचंड आगीत ते जळून गेले. त्सुकिजीमध्ये ते पुन्हा उभे राहिले, 1876 मध्ये उएनो येथे त्याची शाखा निघाली, आणि त्याच आगीत बेचिराख झालेली गिन्झाची वस्ती सरकारने लाकडाऐवजी विटांनी बांधावयास घेतली.

या धोरणाचे शिखर म्हणजे रोकुमेइकान. परराष्ट्रमंत्री इनोऊए काओरु याच्या आग्रहाने आणि इंग्रज वास्तुविशारद जोसाया काँडर याच्या आराखड्यावरून बांधलेले हे दुमजली भवन 28 नोव्हेंबर 1883 रोजी उघडले. तेथे फ्रेंच भाषेत छापलेल्या पदार्थांच्या याद्या होत्या, बिलियर्डची मेजे होती, वाद्यवृंद होता, आणि ज्या सरदारकन्यांच्या आयांनी परपुरुषापुढे मानही वर केली नव्हती त्या कंबर आवळलेल्या पाश्चात्त्य पोशाखात परकीय वकिलांबरोबर वॉल्ट्झ नाचत होत्या. हेतू एकच: आम्हीही तुमच्यासारखेच आहो, तेव्हा आमच्या न्यायालयांवर विश्वास ठेवा. 1885 मध्ये सम्राटाच्या वाढदिवसाच्या नृत्यसमारंभाला आलेल्या पिएर लोती या फ्रेंच लेखकाला ते भवन आपल्याकडील एखाद्या हवा खाण्याच्या गावातील जुगारगृहासारखे दिसले, आणि त्याने तसे लिहून ठेवले. इनोऊएचा प्रयत्न हास्यास्पद ठरविण्याकडे पुढील लेखकांचा कल आहे. मला तो करुण वाटतो. ज्याच्या डोक्यावर असमान तहाचे ओझे आहे तो मनुष्य परक्याच्या काट्याचमच्यांनी जेवावयास शिकतो, ते हौसेने नव्हे. अखेर तहांच्या सुधारणेचा त्याचा मसुदा देशातच अप्रिय झाला आणि 1887 मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. परकीयांचा न्यायाधिकार 1899 मध्ये संपुष्टात आला आणि जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य 1911 मध्ये मिळाले, तोवर चीन आणि रशिया यांच्याशी झालेल्या युद्धांनी जगाला जी खातरजमा हवी होती ती करून दिली होती.

परंतु त्याच काळात दुसरे एक घर शांतपणे चालले होते. रोकुमेइकानच्या आधी दोन वर्षे, 1881 मध्ये, शिबाच्या टेकडीवर कोयोकान नावाचे भोजनगृह निघाले. तेथे तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, बैठकी, जपानी अन्न, जपानी नृत्य आणि जपानी बाग होती, आणि परकीय पाहुण्यांना तेथेही आणीत असत. रोकुमेइकानमध्ये पाहुण्याला त्याचेच घर दाखविले जाई, कोयोकानात यजमानाचे. ते 10 मार्च 1945 च्या हवाई हल्ल्यात जळाले, आणि आज त्या जागेवर 1958 मध्ये उभारलेला टोकियो टॉवर आहे.

युद्धोत्तर काळातील जपानी राजकारण ज्या घरांतून चालले त्यांना र्योतेई म्हणतात, आणि त्यांची रीत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला लाकडी कुंपण, पाणी शिंपडलेली फरसबंदी आणि एखादा कंदील यापलीकडे काही दिसत नाही. अनोळखी मनुष्याला प्रवेश नाही. जुन्या गिऱ्हाइकाने शब्द टाकला तरच नव्याचे नाव लागते, आणि हिशेब त्याच वेळी मागण्याचा प्रघात नाही. दारात ओकामी, म्हणजे घराची मालकीण, गुडघे टेकून स्वागत करते, जोडे सांभाळणारा सेवक प्रत्येकाचे जोडे लक्षात ठेवतो, आणि एका बैठकीतील पाहुण्यांची दुसऱ्या बैठकीतील पाहुण्यांशी ओसरीवरदेखील गाठ पडणार नाही अशी व्यवस्था असते. त्सुकिजी, शिनबाशी आणि आकासाका येथील अशा घरांत मंत्रिमंडळे बनली आणि मोडली; त्या मसलतींतून चालणाऱ्या कारभाराला वृत्तपत्रांनी र्योतेईचे राजकारण असे नावच ठेवले. त्सुकिजीतील 1875 पासूनचे शिनकिराकु हे त्यांपैकी एक. आदल्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारलेले माजी प्रधानमंत्री सातो एइसाकु 19 मे 1975 रोजी तेथेच भोजनप्रसंगी पक्षाघाताने कोसळले आणि दोन आठवड्यांनी निवर्तले. याच घरात आकुतागावा आणि नाओकी या दोन प्रख्यात वाङ्मयीन पारितोषिकांच्या निवड समित्या बसतात. राज्यकर्ते आणि साहित्यिक दोघांनाही एकच आडपडदा मानवला याचे मला कौतुक वाटते.

परकीय पाहुण्याला या घरांत आणताना एक देहधर्माची अडचण येई: मांडी घालून किंवा गुडघ्यावर तासन् तास बसणे त्याला जमत नसे. पाटाखाली पाय सोडण्यापुरता खड्डा करून ही अडचण अनेक ठिकाणी दूर करण्यात आली. अन्नाची अडचण दूर केली ती युकी तेइइची याने. 1930 मध्ये ओसाकात किच्चो हे छोटेसे भोजनगृह काढणाऱ्या या आचाऱ्याने चहाविधीतील भोजनाला इतकी प्रतिष्ठा मिळवून दिली की 1979, 1986 आणि 1993 या तिन्ही वर्षी टोकियोत भरलेल्या धनाढ्य राष्ट्रांच्या परिषदेत जपानी भोजनाची सरबराई किच्चोकडे आली, आणि 1988 मध्ये सांस्कृतिक कार्याबद्दल सरकारने त्याचा गौरव केला. मोमोकावाच्या ज्या ताटांवरून अमेरिकन अधिकारी असंतुष्ट उठले होते, त्याच परंपरेच्या ताटांपुढे आता सात राष्ट्रांचे धुरीण बसत होते.

1990 नंतर संपत्तीचा फुगा फुटला, बंद दारांआडच्या कारभाराविषयी मतदारांचा संताप वाढला, आणि आकासाकातील एकामागून एक कुंपणे पाडली गेली. राजकारण्याने कोठे जेवावे हा आता लोकांच्या पसंतीचा विषय झाला. हे पहिल्याने नेमके ओळखले ते प्रधानमंत्री कोइझुमी जुनइचिरो यांनी. 18 फेब्रुवारी 2002 रोजी त्यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना निशि-आझाबु येथील गोनपाची या इझाकायात नेले. इझाकाया म्हणजे कचेरी सुटल्यावर नोकरदार मंडळी जेथे चार घास आणि दोन पेले घेतात तसले ठिकाण. जुन्या कोठारासारख्या दिसणाऱ्या त्या दुमजली घरात निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीच्या शलाका त्या दोघांपुढे आल्या, आणि यजमान व पाहुणे दोघेही बाह्या सरसावून बसले आहेत असे चित्र दोन्ही देशांत प्रसृत झाले. र्योतेईत जे लपवावयाचे, ते येथे दाखवावयाचे होते.

23 एप्रिल 2014 ची संध्याकाळ याहून निराळी. त्या दिवशी प्रधानमंत्री आबे शिंझो यांनी बराक ओबामा यांना गिन्झातील एका इमारतीच्या तळघरात, भुयारी रेल्वेच्या वाटेलगत असलेल्या सुकियाबाशी जिरो या सुशीगृहात नेले. फळीसमोर आसने अवघी 10. स्वच्छतागृहही दुकानाचे स्वतःचे नाही. फळीपलीकडे उभे होते ओनो जिरो, वय वर्षे 88. त्यांच्या हाताखालच्या उमेदवाराला ऑक्टोपस मऊ पडावा म्हणून तो पाऊण तास हाताने चोळीत बसावे लागे. भात हाताच्या उबेइतकाच कोमट असावा लागे, माशाच्या फोडीवर कुंचल्याने रस फिरवला की तो घास तत्क्षणी खाल्ला पाहिजे असा त्यांचा दंडक, आणि सुमारे 20 घासांचे सारे भोजन ते स्वतः ठरवीत. गिऱ्हाइकाची फर्माईश तेथे चालत नसे. जगातील सर्वांत बलाढ्य अधिकारपद धारण करणारा मनुष्य एका वृद्ध कारागिरापुढे बसतो आणि तो जे, ज्या क्रमाने देईल ते खातो, यात यजमान राष्ट्राचा जो आत्मविश्वास आहे तो रोकुमेइकानच्या साऱ्या झुंबरांत मिळून नव्हता. प्रशांत महासागराभोवतालच्या देशांच्या व्यापारी कराराची बोलणी मात्र त्या भेटीत तडीस गेली नाहीत. जेवणाने तह होत नसतात. जेवणाने फार तर दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचा सूर लागतो. आबे यांनी 2016 च्या डिसेंबरात व्लादिमीर पुतिन यांना आपल्या नागातो गावानजीकच्या ओतानी सान्सो या उष्ण झऱ्याच्या निवासात बोलावले, तरी रशियाशी असलेला उत्तरेकडील बेटांचा वाद होता तेथेच राहिला.

डोनाल्ड ट्रंप यांच्याकरिता आबे यांनी पाहुण्याच्या आवडीपुढे नमते घेतले: 2017 मध्ये गोल्फच्या मैदानावर बर्गर आणि रात्री गिन्झात तव्यावरचे गोमांस. 2019 च्या मे महिन्यात सुमोच्या कुस्त्या पाहून झाल्यावर दोघे सपत्नीक रोप्पोंगीतील इनाकायात गेले. तेथे भाज्या, मासे आणि मांस यांच्या राशींमागे आचारी गुडघ्यावर बसून निखाऱ्यावर भाजतात, मागणी आली की सारे मिळून आरोळी ठोकतात, आणि तयार पदार्थ वल्ह्याएवढ्या लांब लाकडी फळीवर ठेवून राशींच्या वरून पाहुण्याच्या हाती देतात.

आबे स्वतः पाहुणे असतानाचा एक प्रसंग महाराष्ट्राला जवळचा आहे. 13 सप्टेंबर 2017 रोजी नरेंद्र मोदी यांनी त्यांना अहमदाबादेत सिदी सय्यदची मशीद दाखवून समोरच्या जुन्या हवेलीच्या गच्चीवरील अगाशिये या भोजनगृहात नेले. दुसऱ्या दिवशी मुंबई–अहमदाबाद जलदगती रेल्वेची कोनशिला बसली, जिच्यासाठी जपानने 50 वर्षांच्या मुदतीने आणि 0.1 टक्का व्याजाने कर्ज देऊ केले होते. टोकियोतील शिरस्ता परदेशी यजमानांनीही उचलला होता.

16 मार्च 2023 रोजी प्रधानमंत्री किशिदा फुमिओ यांनी दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांना एकाच रात्री दोन घरी नेले. द्विपक्षीय भेटीसाठी कोरियन राष्ट्राध्यक्ष जपानला येण्याचा हा 12 वर्षांतील पहिला प्रसंग. युद्धकाळात वेठीस धरलेल्या कोरियन कामगारांच्या भरपाईवरून दोन्ही सरकारांत वितुष्ट आले होते. गिन्झातील योशिझावा येथे दोघांनी सपत्नीक सुकियाकी, म्हणजे मेजावर शिजविलेले गोमांस, घेतले. नंतर फक्त दोघे नेते जवळच्याच रेंगातेईत जाऊन बसले. आगीनंतर उभारलेल्या गिन्झाच्या त्या विटांच्या वस्तीवरूनच नाव घेतलेले हे घर 1895 चे. फ्रेंच कटलेटाला जपानी तळणीत उतरवून, शेजारी बारीक चिरलेली कोबी ठेवून वाढण्याची रीत येथे सुरू झाली, आणि अंडे व भात यांचा ओमुराइस हा पदार्थही हे घर आपलाच सांगते. युन यांना ओमुराइस प्रिय होता म्हणून ही जागा निवडण्यात आली. इनोऊएच्या पिढीने जो पाश्चात्त्य खाना शिकवणीसारखा गिळला, तो चार पिढ्यांत इतका घरचा झाला होता की शेजाऱ्याशी समेट करताना जपानी प्रधानमंत्री तोच आपला म्हणून पुढे करीत होता.

दोनच महिन्यांनी, 7 मे रोजी, किशिदा परतभेटीसाठी सोलला गेले, आणि युन यांनी त्यांना आपल्या निवासस्थानी कोरियन भोजन दिले. त्यानंतर 19 मेच्या रात्री धनाढ्य राष्ट्रांच्या हिरोशिमा येथील परिषदेचे राष्ट्रप्रमुख मियाजिमा बेटावरील इवासो या निवासगृहात जेवावयास जमले. ते घर 1854 पासून चालू आहे.