उणे वीस म्हणजे दुप्पट थंडी?

आज लढाई नाही, नकाशा नाही. आज तापमापक. फौजी माणूस या विषयात कुठून शिरला, असं तुम्ही म्हणाल. याला कारण माझी एक जुनी चूक आहे.

लडाखमधली एक उंचावरची चौकी. मी तेव्हा तरुण कॅप्टन. रोज सकाळी तापमान नोंदवायचं काम एका साताऱ्याकडच्या जवानाकडे होतं. आदल्या दिवशी उणे १० होतं, त्या दिवशी उणे २०. तो म्हणाला, "साहेब, थंडी दुप्पट झाली म्हणायची का?" मी ऐटीत सांगितलं, "हो, दुप्पट." त्यानं क्षणभर विचार केला. "मग शून्य असताना थंडी नव्हतीच का, साहेब?"

मी त्याला चहा टाकायला पाठवलं. दुसरं काय करणार?

त्याच्या प्रश्नात सगळं आलं. हे शून्य आलं कुठून? पाणी जिथं गोठतं तिथं आपण शून्याची खूण केली, एवढंच. १७४२ मध्ये स्वीडनच्या सेल्सियसनं तर पाणी उकळतं तिथं शून्य ठेवलं होतं आणि गोठतं तिथं १००. पुढे लोकांनी ते उलटं केलं. जी खूण उलटी करता येते, तिच्यापासून मोजून दुप्पट-तिप्पट कसं म्हणायचं? टेकडी आपल्या तंबूपासून २०० मीटर वर असेल आणि दुसरी १०० मीटर, तर पहिली दुप्पट उंच ठरत नाही. तंबू हलवला की हिशेब बदलतो.

दुसरी अडचण तापमापकाचीच. पाऱ्याचा आणि अल्कोहोलचा तापमापक दोन खुणांवर नेमके जुळवले, तरी मधल्या आकड्यांत थोडा फरक पडतो, कारण प्रत्येक द्रव आपल्या चालीनं फुगतो. उणे ३९ च्या सुमारास तर पारा स्वतःच गोठतो. मग खरं तापमान कुणाचं मानायचं?

खरा तळ असावा, याचा सुगावा हवेनं दिला. सतराशेच्या सुमारास फ्रान्समध्ये आमोंतों यांनी पाहिलं, की कोंडलेली हवा थंड केली की तिचा दाब एका बेतानं उतरत जातो. दाब शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे थंडीलाही कुठंतरी शेवट असणार. पुढच्या मोजमापांनी तो शेवट उणे २७३ च्या आसपास आणून ठेवला. पण हाही हवेचाच हिशेब होता.

यातून वाट काढली ती आमच्या बिरादरीतल्या एका माणसानं, आणि हे मला फार उशिरा कळलं. सादी कार्नो हा फ्रेंच सैन्यातला इंजिनिअर अधिकारी. वडील लाझार कार्नो क्रांतिकाळात फ्रान्सच्या फौजा उभ्या करणारे. मुलगा १८१४ मध्ये, विद्यार्थी असतानाच, पॅरिसच्या बचावात व्हँसेनला लढला. नंतर किल्ल्यांची पाहणी, कंटाळवाण्या नेमणुका, मग अर्ध्या पगारावर रजा. (अर्ध्या पगाराची रजा इतकी सार्थकी लावलेला दुसरा अधिकारी मला माहीत नाही.) या काळात त्यानं वाफेच्या इंजिनाचा विचार केला आणि १८२४ मध्ये एक छोटं पुस्तक छापलं. त्याचं म्हणणं असं: उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळेल, हे इंजिनात वाफ आहे की हवा यावर ठरत नाही. ते फक्त दोन तापमानांवर ठरतं, वरच्या आणि खालच्या.

पुस्तकाकडे कुणी फारसं पाहिलं नाही. १८३२ मध्ये कॉलऱ्यानं तो गेला, वय अवघं ३६. रोगाच्या भीतीनं त्याचे बरेच कागदही नष्ट केले गेले.

१८४५ मध्ये विल्यम थॉमसन नावाचा तरुण पॅरिसला आला. कार्नोचं पुस्तक त्यानं दुकानोदुकानी शोधलं, मिळालं नाही. क्लापेरों यांनी त्यावर लिहिलेल्या लेखावरच त्यानं काम भागवलं. त्याच्या ध्यानात आलं, की पदार्थ कुठलाही चालत असेल, तर कार्नोचं इंजिन हाच तापमापक! १८४८ मध्ये त्यानं निरपेक्ष मापनश्रेणी मांडली. पहिला आराखडा आजच्यासारखा नव्हता. जूल यांच्याबरोबर काम केल्यावर १८५४ मध्ये ती आजच्या रूपाला आली. हाच थॉमसन पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला.

उपयोग काय, ते आकड्यांतच पाहू. इंजिनाची वाफ २२७ अंशांवर आहे आणि थंड बाजू २७ अंशांवर. केल्व्हिनमध्ये हे ५०० आणि ३००. उत्तम इंजिनसुद्धा उष्णतेच्या पाच भागांतले दोनच भाग कामात आणू शकेल, म्हणजे ४० टक्के. तोच भागाकार सेल्सियसमध्ये करा, ८८ टक्के येतात. अशा हिशेबावर कुणी इंजिन बांधलं, तर ते त्याला आयुष्यभर चकवत राहील.

आता चौकीवर परत येऊ. उणे १० म्हणजे २६३ केल्व्हिन, उणे २० म्हणजे २५३. तापमान उतरलं ते चार टक्क्यांहूनही कमी. अंगाला काय वाटत होतं ते सोडा, तिथं वाऱ्याचाही हात होता.

तो जवान आता पेन्शनीत असेल. हे ऐकत असलास तर गड्या, शून्यालाही थंडी होतीच, आणि ऊबही होती, २७३ केल्व्हिनची. दुप्पट म्हणालो ते चुकलं माझं.