मोटार-शर्यती आणि पैशाची थैली

मोटारींच्या शर्यतींत कोणती गाडी पहिली आली एवढेंच सामान्य माणूस पाहतो. ती पहिली आणण्यासाठीं कोणाची थैली किती रिकामी झाली, याचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः या खेळाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे वेग व खर्च आवरण्यासाठीं केलेल्या नियमांचा आणि त्यांतून शोधलेल्या पळवाटांचा इतिहास होय.

१९०६ सालीं फ्रान्समध्यें ल माँ येथें पहिली ‘ग्रां प्री’ झाली. गाडीचें वजन १००० किलोग्रॅमच्या आंत असावें, असा नियम होता. वजन बांधलें, पण एंजिनाचा आकार मोकळाच राहिला; विजयी रेनो गाडीचें एंजिन सुमारें १३ लिटरांचें होतें! १९०८ सालीं दिएप येथें जर्मन गाड्यांनीं पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, तेव्हां फ्रेंच कारखानदारांचा उत्साह मावळला. खर्च आपला आणि कीर्ति शेजाऱ्याची, हा व्यवहार कोणास रुचेल? १९०९ पासून १९११ पर्यंत ही शर्यत भरलीच नाहीं.

याहून विलक्षण प्रकार १९३४ सालचा. वेग जीवघेणा होत चालला म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळानें चालक, इंधन, तेल, पाणी व टायर वगळून गाडीचें वजन ७५० किलोग्रॅमच्या आंत बांधून दिलें. हलक्या गाडींत मोठें एंजिन मावणार नाहीं आणि वेग आपोआप उतरेल, अशी कल्पना. धातुविद्या तेवढी विचारांत घ्यावयाची राहून गेली. मर्सेडीस व ऑटो युनियन या दोन जर्मन कारखान्यांना नाझी सरकारचें द्रव्यसाह्य मिळालें. त्यांनीं हलक्या मिश्रधातूंनीं सांगाड्यांतलें वजन वांचविलें आणि तें एंजिनांत घातलें. १९३७ सालच्या मर्सेडीसचें एंजिन साडेपांच लिटरांहून मोठें होतें व त्याची शक्ति सहाशें अश्वशक्तीच्या घरांत गेली होती. वेगाला आळा घालण्यासाठीं जन्मलेला नियम वेगाचाच पोशिंदा ठरला, आणि इतरांना नुसतें बरोबरीनें धांवणेंहि परवडेनासें झालें. १९३५ सालीं न्यूरबुर्गरिंगवर तात्सिओ नुव्होलारी यानें जुन्या आल्फा रोमिओंतून सर्व जर्मनांना हरविलें खरें. पण तो त्या पुरुषाच्या हाताचा पराक्रम होता.

मग इटालियनांनीं युक्ति योजिली. १९३९ सालची त्रिपोलीची शर्यत त्यांनीं दीड लिटरच्या लहान गाड्यांसाठींच राखून ठेवली. जर्मनांपाशीं तशी गाडी नव्हती. नियम जाहीर झाला १९३८ च्या सप्टेंबरांत, शर्यत होती मे महिन्यांत. तेवढ्या सुमारें आठ महिन्यांत मर्सेडीसनें दोन नव्या गाड्या उभ्या केल्या. हेर्मान लांग पहिला आला, रूडॉल्फ काराचिओला दुसरा. त्या गाड्या पुन्हां कोणत्याहि शर्यतींत उतरल्या नाहींत. एका दुपारीसाठीं एवढा खटाटोप!

महायुद्धानंतर जागतिक अजिंक्यपद सुरू झालें. १९५१ नंतर आल्फा रोमिओनें अंग काढून घेतलें, तेव्हां पुढील दोन वर्षें शर्यती दोन लिटरच्या स्वस्त वर्गाच्या नियमांनीं चालविल्या. गाड्यांची संख्या वाढली, चुरस मात्र आली नाहीं: १९५२ सालीं इंडियानापोलिस वगळतां अजिंक्यपदाच्या सातहि शर्यती फेरारीनें जिंकल्या.

खर्च खरोखर उतरला तो नियमानें नव्हे, बाजारानें. फोर्ड कंपनीनें सुमारें एक लाख पौंड खर्चून इंग्लंडांतील कॉसवर्थ या लहान कारखान्याकडून तीन लिटरांचें एंजिन करून घेतलें. कीथ डकवर्थ या अभियंत्यानें तें रचिलें आणि ४ जून १९६७ रोजीं हॉलंडांत झांडफूर्ट येथें जिम क्लार्कनें लोटस गाडींतून पहिल्याच शर्यतींत तें विजयी केलें. पण फोर्डचे वॉल्टर हेझ चाणाक्ष होते. सारेच विजय एकट्या लोटसचे झाले, तर त्या विजयांना किंमत ती काय राहणार? त्यांनीं लोटसच्या कॉलिन चॅपमनचें मन वळविलें आणि पुढील वर्षापासून तें एंजिन इतरांसहि साडेसात हजार पौंडांस मिळूं लागलें. एंजिन कॉसवर्थचें, गिअरपेटी ह्यूलंडची. सांगाडा तेवढा आपला जमवावा. केन टिरेल हे लांकडाचे व्यापारी, पण १९६९ सालीं त्यांच्याच संघांतून जॅकी स्टुअर्ट जगज्जेता झाला. त्या वर्षींच्या अकराहि शर्यती याच एंजिनानें जिंकल्या. झगडा उरला तो सांगाड्यांचा व चालकांचा. १९८३ पर्यंत या एंजिनाच्या नांवावर १५५ विजय जमा झाले.

रेनोनें १९७७ सालीं टर्बो आणला, मोठे कारखाने परतले आणि थैलीचें तोंड पुन्हां सैल सुटलें. २००८ च्या मंदींत होंडा बाहेर पडली. तिचा संघ रॉस ब्रॉन यांस नाममात्र एका पौंडास मिळाला आणि २००९ सालीं तोच अजिंक्य ठरला. त्याच वर्षीं मॅक्स मोझ्ली यांनीं चार कोटी पौंडांची खर्चमर्यादा सुचविली, तेव्हां संघांनीं वेगळी चूल मांडण्याची धमकी देऊन ती हाणून पाडली. अखेर २०२१ सालीं साडेचौदा कोटी डॉलरांची मर्यादा आली. चालकांचें वेतन तींतून वगळलें आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें. मागें पडलेल्या संघांना वायुबोगद्यांत अधिक वेळ देण्याची सोयहि झाली. पहिल्याच वर्षीं रेड बुलनें मर्यादा ओलांडली. सत्तर लाख डॉलर दंड भरावा लागला व वायुबोगद्यांतील वेळहि कापला गेला. तरी २०२३ सालीं बावीसांपैकीं एकवीस शर्यती त्याच संघानें जिंकल्या. २०२४ सालीं मात्र सात निरनिराळ्या चालकांनीं प्रत्येकीं दोन वा अधिक शर्यती जिंकल्या आणि संघांचें अजिंक्यपद १९९८ नंतर प्रथमच मॅक्लारेनकडे गेलें.