बोल्टवरचा ‘एफ’

जुनी जीप बघायला गेलेला खरा शौकीन गाडीच्या तोंडाकडे नंतर बघतो. आधी तो जमिनीवर गोणपाट पसरतो, उताणा होऊन गाडीखाली सरकतो आणि तारेच्या ब्रशने बोल्टांच्या डोक्यांवरचं ग्रीस खरवडायला लागतो. विकणारा वर उभा राहून ‘साहेब, एका किल्लीत स्टार्ट’ असं सांगत असतो, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. खालच्या माणसाला इंग्रजी ‘एफ’ शोधायचा असतो. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने जीपा बनवल्या, तेव्हा बोल्टांपासून बारीकसारीक तुकड्यांपर्यंत जिथे जमेल तिथे आपलं आद्याक्षर ठोकलं. ‘एफ’ दिसला की गाडी फोर्डची, नाही दिसला तर विलीजची. निदान पुस्तकात तसं असतं. प्रत्यक्षात तो पुढच्या बोल्टांवर सापडतो, मागच्यांवर सापडत नाही, आणि भावावरून वाद तिथूनच सुरू होतो.

वाद मिटत नाही, कारण या गाडीला एक बाप नाही.

जुलै 1940. युरोपात जर्मन फौजांनी फ्रान्स गिळला होता. अमेरिकन लष्कराला खेचरं आणि साइडकारच्या मोटरसायकली यांच्या जागी हलकी, चारही चाकांना जोर असणारी गाडी हवी होती, तीही तातडीने. 135 कारखान्यांना पत्रं गेली. अट अशी, की पहिली गाडी 49 दिवसांत हजर करायची. बहुतेकांनी पत्र वाचून बाजूला ठेवलं असणार. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बॅन्टम ही छोटी कंपनी तेव्हा बुडायला टेकली होती, तिला मात्र नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. तिने डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं आणि त्याने दोन दिवसांत गाडीचा आराखडा कागदावर उतरवला. विलीज-ओव्हरलँडची बोली स्वस्त होती, पण तिला मुदत जास्त हवी होती. काम बॅन्टमला मिळालं. 23 सप्टेंबरला तिची माणसं ती गाडी स्वतः चालवत मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला घेऊन गेली. मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

नंतर जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही छोट्या कंत्राटदाराला ऐकूनच कळेल. गाडी पसंत पडली, पण एवढ्या छोट्या कारखान्यातून एवढ्या गाड्या निघतील यावर लष्कराचा विश्वास बसेना. त्याने बॅन्टमचे आराखडे विलीज आणि फोर्डच्या हाती दिले. पुढच्या वर्षी मोठं कंत्राट विलीजला गेलं, मग फोर्डलाही विलीजच्याच नमुन्यावर जीपा बनवायला सांगितलं गेलं. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. बॅन्टमच्या वाट्याला शेवटी आलं ते जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर बनवणं.

विलीजचं श्रेय इंजिनाचं. तिथला बार्नी रूस याचं चार सिलिंडरचं, 60 अश्वशक्तीचं इंजिन स्पर्धेतल्या दोन्ही इंजिनांपेक्षा दमदार होतं, पण त्याच्या वजनामुळे गाडी लष्कराने घातलेल्या 2160 पौंडांच्या मर्यादेबाहेर जात होती. इंजिन सोडायचं नाही असं ठरल्यावर रूसने गाडीच सोलून काढली. बोल्टांची जादा लांबी कापली, पत्रा बदलला, रंगाचा एकच हात दिला.

आणि चेहरा? पहिल्या सुमारे 25 हजार विलीज गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून बनवलेली होती. एकाच पत्र्यात दाबून काढलेली नऊ फटींची जाळी फोर्डने आणली. ती स्वस्त होती, हलकी होती, म्हणून विलीजनेही तीच उचलली. आज जो चेहरा बघून माणूस ‘जीप’ म्हणतो तो फोर्डच्या कारखान्यातल्या काटकसरीतून आला.

नावाची गोष्ट तर आणखी गमतीची. ‘जनरल पर्पज’ची आद्याक्षरं जीपी, त्याचं झालं जीप, असं आपल्याकडचा प्रत्येक मिस्त्री छातीठोकपणे सांगतो. पण फोर्डच्या ‘जीपीडब्ल्यू’ या खुणेत जी म्हणजे सरकारी कंत्राट, पी म्हणजे 80 इंचांचा व्हीलबेस आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचा नमुना. ‘जीप’ हा शब्द सैनिकांच्या तोंडी या गाडीच्या आधीपासून होता. नवख्या रंगरुटाला आणि अजून पारखून न झालेल्या गाडीला ते तसं म्हणत. त्यात 1936 पासून पॉपायच्या चित्रकथेत यूजीन द जीप हा कुठेही जाऊ शकणारा अजब प्राणी आलेला. फेब्रुवारी 1941 मध्ये विलीजच्या चालकाने वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या पायऱ्या गाडीने चढून दाखवल्या आणि हिला काय म्हणतात असं विचारल्यावर ‘जीप’ म्हणून सांगितलं. वर्तमानपत्रात फोटोसह ते छापून आलं आणि नाव चिकटलं. युद्धानंतर जीप आम्हीच घडवली अशा जाहिराती विलीजने केल्या, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगाने 1948 मध्ये त्याला मनाई केली. नावाचा ट्रेडमार्क मात्र 1950 मध्ये विलीजलाच मिळाला.

मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी होऊन आला आणि गावाकडे त्याचं नपुंसकलिंगी ‘जीपडं’ झालं. शेवटच्या ‘डं’मध्ये थोडी हेटाळणी आहे, थोडी माया.

युद्धातल्या जीपा आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आल्या आणि नंतर डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. जुन्या जीपा दुरुस्त करून वापरायचा मोह खुद्द सरकारलाही आवरला नाही. 1948 मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी अशा जीपांचा सुमारे 80 लाख रुपयांचा करार केला. आल्या फक्त 155, त्याही लष्कराने नापसंत केल्या. संसदेत वादळ उठलं, 1955 मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळा म्हणून जो सांगतात, तो म्हणजे सेकंडहँड जीपांचा फसलेला सौदा!

नव्या जीपांची वाट मुंबईतून गेली. युद्धकाळात के. सी. महिंद्र वॉशिंग्टनला भारताच्या खरेदी कार्यालयाचे प्रमुख होते. तिथे त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली. 1945 मध्ये महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि कंपनीच्या नावात मोहम्मदच्या जागी दुसरं महिंद्र आलं. 1947 मध्ये विलीजच्या 75 जीपा सुट्या भागांत आल्या, मग माझगावला जोडणी सुरू झाली. 1953 मध्ये विलीजने जुन्याच मापाच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर नेले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. अमेरिकेत ते ध्यान 1968 पर्यंतच टिकलं. आपल्याकडे मात्र बीडीओ, फौजदार, आरोग्य केंद्राचा डॉक्टर आणि पुढे वडापवाला, सगळ्यांची जीप उंच बॉनेटचीच. शौकीन लोक तिला नाक मुरडतात. मला ती नक्कल वाटत नाही. कूळ विचारायचंच, तर एवढ्या पिढ्या सलग नांदलेली शाखा हीच.

अमेरिकेतल्या निवाड्यात मात्र असं ठरलं नाही. महिंद्रने 2018 मध्ये मिशिगनमध्ये रॉक्सॉर नावाचं जीपडं काढलं, त्यावर जीप नावाच्या तेव्हाच्या मालकांनी तक्रार केली, आणि 2020 मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तोंडवळा जीपचा आहे असं म्हणून ते अडवलं. तोंड बदलल्यावर सुटलं.

आता गोणपाटावरच्या माणसाकडे. बोल्ट बघून झाले की तो फरशीखालच्या पत्र्याच्या पट्ट्या ठोकून बघतो. युद्धातल्या जीपमध्ये त्यांच्या आत लाकूड भरलेलं असे. ते पाणी पितं, कुजतं आणि पत्रा आतून खातं. मग ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोलची टाकी, तिची खोबण गंजलेली आहे का. हेडलाइट बिजागरीवर उलटा फिरवून इंजिनावर पाडता येतो का, हेही बघतो. रात्री दुरुस्तीसाठी ती सोय होती आणि ती गायब असेल तर मिळवायला पुण्याच्या नाना पेठेत खेटे घालावे लागतात. स्टिअरिंग डावीकडेच असणार. कायद्याने अशा गाडीला इशारा देणारं यंत्र लागतं. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये पडतात, पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा.

ही अट वाचून हसू येतं. आघाडीवर मोडलेल्या दोन जीपांची एक करणं हे लष्करी वर्कशॉपचं रोजचं काम होतं, फोर्डचा धुरा विलीजला बसावा म्हणून तर नमुना एक ठेवलेला. अर्ध्या बोल्टांवर ‘एफ’ सापडला म्हणून गाडी खोटी ठरत नाही. मात्र जाळीच्या फटी मोजून नऊ भरल्या, बॉनेटही खाली आहे, म्हणून लगेच बयाणा देऊ नये. महिंद्रचं उंच बॉनेट कापून खाली आणणारे आणि नऊ फटींची कोरी जाळी बसवून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत. पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत तर जीपा बांधून देण्याचा धंदाच आहे. रंग असा देतात, की लांबी कुठे भरली ते बोट फिरवूनही कळत नाही. तेव्हा गोणपाट आणि ब्रश आपला आपण न्यावा.