चीनचा वाढता प्रभाव : कर्ज, बंदरे आणि धम्माचे राजकारण

एखाद्या देशाचा प्रभाव केवळ त्याच्या सैन्यावरून मोजता येत नाही. शेजारी देश कोणाकडून कर्ज घेतात, कोणाचा माल वापरतात आणि कोणाला दुखवायला कचरतात, यावरूनही तो कळतो. आज आशियात या तिन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा चीन असे येते. हा प्रभाव कसा उभा राहिला आणि त्यात सामान्य माणसाला कितपत विचारले जाते, हे आपण थोडक्यात पाहू.

पार्श्वभूमी

१९४९ मध्ये साम्यवादी चीनची स्थापना झाली. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा आणि सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार त्याला मिळाला. १९७८ पासून डेंग शियाओपिंग यांच्या काळात आर्थिक सुधारणा सुरू झाल्या. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि २०१० मध्ये जपानला मागे टाकून जगातील दुसरी मोठी अर्थव्यवस्था बनला.

कर्ज आणि बंदरे

२०१३ मध्ये शी जिनपिंग यांनी 'बेल्ट अँड रोड' योजना जाहीर केली. रस्ते, रेल्वे, बंदरे, वीजप्रकल्प यांसाठी चिनी बँकांचे कर्ज आणि चिनी कंपन्यांचे बांधकाम, असे तिचे साधारण स्वरूप आहे.

श्रीलंकेतील हंबनटोटा बंदर त्याआधीच, २०१० मध्ये, चिनी कर्जातून सुरू झाले होते. ते तोट्यात गेल्यावर २०१७ मध्ये सुमारे १.१२ अब्ज डॉलरच्या मोबदल्यात चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देण्यात आले. या पैशातून कर्ज माफ झाले नाही. तो परकीय चलनाची गंगाजळी सावरण्यासाठी वापरला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताने चिंता व्यक्त करूनही 'युआन वांग ५' हे चिनी जहाज याच बंदरात थांबले.

मात्र सगळा दोष चीनवर ढकलणे बरोबर नाही. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली, तेव्हा तिच्या परकीय कर्जात सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय रोख्यांचा होता. बंदराचा निर्णयही तिथल्याच राज्यकर्त्यांचा होता. जानेवारी २०१७ मध्ये बंदराच्या भाडेपट्ट्याला आणि औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन देण्याला विरोध करत गावकरी व भिक्खू रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर अश्रुधूर सोडणारे पोलीसही त्यांच्याच देशाचे होते.

सैन्य आणि मध्यस्थी

१२ जुलै २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय लवादाने दक्षिण चिनी समुद्राच्या वादात फिलिपाइन्सच्या बाजूने निकाल दिला. चीनने तो मानला नाही. २०१७ मध्ये चीनने जिबूती येथे परदेशातील आपला पहिला लष्करी तळ सुरू केला. दुसरीकडे, मार्च २०२३ मध्ये सौदी अरेबिया आणि इराण यांच्यातील समझोता बीजिंगमध्येच झाला.

धम्माचे राजकारण

२००६ मध्ये चीनने हांगझोऊ येथे पहिला जागतिक बौद्ध मेळावा भरवला. बौद्ध देशांशी जवळीक साधण्याचा हा मार्ग आहे. पण २००७ मध्ये त्याच सरकारने तिबेटी लामांच्या पुनर्जन्माला शासकीय मंजुरी सक्तीची करणारा नियम आणला. पुनर्जन्म कोणी मानो वा न मानो, श्रद्धेचा निर्णय सरकारने घ्यावा का, हा प्रश्न उरतोच.

भारतासमोरचा प्रश्न

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी पंचशील करारावर विसंबून राहण्याच्या धोरणावर टीका केली होती. माओंचा पंचशीलावर खरा विश्वास असता, तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १९६२ चे युद्ध झाले. जून २०२० मध्ये गलवानमध्ये २० भारतीय जवान शहीद झाले. तरीही औषधांचा कच्चा माल आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग यांसाठी आपण आजही मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहोत.

म्हणून केवळ बहिष्काराच्या घोषणा पुरेशा नाहीत, असे आम्हाला वाटते. कारखानदारी, संशोधन आणि शिक्षण यांवर खर्च केल्याशिवाय हे अवलंबित्व कमी होणार नाही. कर्ज चीनचे असो, जागतिक बँकेचे असो वा देशातल्या भांडवलदाराचे, त्याच्या अटी लोकांसमोर आल्या पाहिजेत आणि ज्यांची जमीन जाणार आहे त्यांना आधी विचारले गेले पाहिजे. हंबनटोट्याचे गावकरी याहून वेगळे काही मागत नव्हते.